ओसाड, पडीक मालमत्ता आणि सरकार: नोटीस आणि दंडाच्या पुढे नेमकं काय करता येतं?

आडवाट (धागाकर्ता)

मालकाने वाऱ्यावर सोडलेली घरं, बंद दुकानं, अर्धवट कोसळलेल्या इमारती यांबाबत निरनिराळ्या देशांतल्या सरकारांनी काय काय केलं याची टिपणं काढतो आहे. कायद्यांची नावं सहज मिळतात. पण प्रत्यक्षात काम कुठे अडतं, ते कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही. इथे नगररचना, महसूल आणि बांधकामातली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो.

१. घर खरंच सोडून दिलेलं आहे हे कशावरून ठरवायचं?
२. मालक नोटिशीला उत्तरच देत नाही, किंवा तो वारला आणि वारसांचा पत्ता नाही. मग पुढची पायरी कोणती?
३. पाडायचं कधी, नुसतं बंद करून ठेवायचं कधी?
४. कर वाढवला की मालक हलतात का?

भाडेकरू राहत असलेल्या जुन्या इमारती इथे नकोत, तो वेगळा विषय आहे. कुलूपबंद किंवा सताड उघडी पडलेली मालमत्ता एवढंच धरू.

---

मोजणीदार

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. यादी करताना ‘रिकामं’ आणि ‘पडीक’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. रिकाम्या घराचा कर भरलेला असतो, छप्पर शाबूत असतं, मालक अधूनमधून येऊन जातो. त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. दोन्ही एका आकड्यात घातली की आकडा प्रचंड दिसतो आणि कामाला हात कुठून घालायचा ते कळत नाही.

कार्यालयात बसून कळणाऱ्या खुणा चार: पाण्याचा वापर सलग वर्षभर शून्य, वीज तोडलेली, कराची दोन वर्षांहून जास्त थकबाकी, पाठवलेलं बिल टपालातून परत. यातली कुठलीही एक खूण एकटी फसवी असते. मीटर बंद पडलेलं असतं, किंवा पाणी तोडलेल्या घरात एखादी म्हातारी व्यक्ती शेजाऱ्यांकडून बादल्या आणून राहत असते. दोन-तीन खुणा जुळल्या की माणूस जागेवर पाठवायचा. त्याने पाहायचं ते छप्पर, भिंतींतल्या भेगा, उघडी दारं-खिडक्या, आगीच्या खुणा, टाकलेला कचरा, आणि आत कोणी राहत असल्याची चिन्हं. फोटो समोरून तर हवाच, शिवाय दोन्ही बाजूंची घरं दिसतील असाही हवा. तो का, ते पाडकामाच्या वेळी कळतं.

डेट्रॉइटने २०१३-१४ च्या हिवाळ्यात टॅब्लेट घेतलेली माणसं पाठवून सुमारे ३ लाख ८० हजार भूखंड पाहिले. मे २०१४ च्या अहवालात त्यातले ८४,६४१ पडीक किंवा पडीक होण्याच्या वाटेवर ठरले. एवढं मोठं काम एकदाच करून भागत नाही. यादी फार लवकर शिळी होते: घर जळतं, विकलं जातं, कोणी राहायला येतं. प्रत्येक नोंदीवर पाहणीची तारीख हवी आणि कारवाईआधी पुन्हा एकदा पाहणी हवीच.

आणि घरागणिक नव्हे, गल्लीगणिक विचार करा. वीस घरांच्या गल्लीत एकच पडीक असेल तर त्या मालकाला गमावण्यासारखं काहीतरी आहे. तिथे दंडाचा उपयोग होतो. फिलाडेल्फियाचा २०११ पासूनचा नियम याच तत्त्वावर आहे. ज्या गल्लीत किमान ८० टक्के घरं वापरात आहेत, तिथल्या रिकाम्या इमारतीला खरी, उघडझाप होणारी दारं-खिडक्या हव्यातच, प्लायवूड ठोकलेलं चालत नाही. दंड प्रत्येक उघड्या जागेमागे दिवसाला ३०० डॉलरपर्यंत. सहा खिडक्या म्हणजे दिवसाचे १,८००. अर्धी गल्ली ओसाड असेल तिथे हाच दंड निव्वळ कागदावर राहतो.

---

टाचणखत

दुसरा प्रश्न हाच सगळ्याचा गाभा आहे. पडक्या घराची गाठ विटांमध्ये नसते, मालकीत असते.

नेहमीचं चित्र असं: मालक वारला, वारसनोंद झाली नाही, घर ज्या बँकेकडे तारण होतं ती दुसरीत विलीन झाली, वर कराची थकबाकी, त्यावर शास्ती, त्यावर गवत कापल्याचा आणि कचरा उचलल्याचा खर्च. बोजा मालमत्तेच्या किमतीहून मोठा झाला की ती रीतसर विकताच येत नाही. अशा घरावर आणखी दंड लावणं म्हणजे ती गाठ आणखी आवळणं. तिथे मालकी हलवणारं साधन लागतं.

मिशिगनचं उदाहरण बघा. तिथे पूर्वी थकलेल्या कराचा हक्क गुंतवणूकदारांना विकत. प्रकरण पाच-सात वर्षं रेंगाळे, आणि शेवटी हाती येणारी मालकी इतकी संशयास्पद असे की त्यावर कोणी कर्ज देईना. १९९९ च्या १२३ क्रमांकाच्या कायद्याने पायऱ्या आवळल्या. पहिल्या वर्षीच्या मार्चमध्ये थकबाकी काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे) वर्ग होते. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मालमत्ता काउंटीच्या खजिनदाराच्या नावे अडकते, पण मालकी अजून मूळ मालकाचीच. तिसऱ्या वर्षी न्यायालयाचा एकच निकाल येतो, जुने बहुतेक सगळे बोजे पुसले जातात आणि स्वच्छ मालकी काउंटीकडे येते. फ्लिंट शहर ज्या जेनेसी काउंटीत आहे, तिथली लँड बँक याच पायावर उभी राहिली. लँड बँक म्हणजे अशा मालमत्ता ताब्यात घेऊन, कागद साफ करून, अटी घालून पुढे देणारी सरकारी संस्था. पण आधीचा करवसुलीचा कायदा सुधारला नसेल तर तिच्याकडे स्वच्छ मालमत्ता येणारच नाहीत. बरेच जण हा क्रम उलटा करतात, आधी संस्था काढतात.

काम बिघडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, नोटीस. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये (मेनोनाइट बोर्ड वि. ॲडम्स) तारणधारकालाही थेट नोटीस हवी असं ठरवलं. २००६ च्या जोन्स वि. फ्लॉवर्स प्रकरणात मालकाला पाठवलेलं नोंदणीकृत पत्र कोणी न घेतल्यामुळे परत आलं होतं, आणि सरकारने त्यापुढे फक्त वर्तमानपत्रात जाहिरात दिली. न्यायालय म्हणालं, पत्र परत आल्याचं माहीत असताना एवढं पुरेसं नाही. साधं टपाल पाठवा, दारावर चिकटवा. म्हणून फाइलमध्ये परत आलेलं पाकीट शिक्क्यासकट जपायचं, दारावरच्या नोटिशीचा तारखेसह फोटो लावायचा आणि कोणाकोणाला शोधलं, कुठे शोधलं याचं टिपण ठेवायचं. मालक, तारणधारक, इतर बोजेवाले, ज्ञात वारस, आत राहणारं कोणी असल्यास तेही. यातलं एक नाव सुटलं तरी पाच वर्षांनी, नव्या मालकाने छप्पर घातल्यावर, सगळा व्यवहार पुन्हा न्यायालयात जाऊ शकतो.

दुसरं, वरकड रक्कम. मिशिगनच्या ओकलंड काउंटीत ८.४१ डॉलर कर कमी भरला गेल्यामुळे जप्त झालेलं घर २४,५०० डॉलरना विकलं गेलं आणि काउंटीने सगळेच पैसे ठेवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. २०२३ मध्ये टायलर वि. हेनेपिन काउंटी खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तेच म्हटलं: सुमारे १५ हजारांची वसुली, विक्री ४० हजारांची, मधले २५ हजार मालकाचे. निकाल योग्यच होता. पण वरकड पैशावर लँड बँकेचा खर्च भागवायची सवय लागलेल्या ठिकाणी अंदाजपत्रक नव्याने मांडावं लागलं. टिपणात याचा उल्लेख नक्की करा, कारण जुन्या लेखांमध्ये तो पैसा अजून उत्पन्न म्हणूनच दाखवलेला असतो.

तिसरं, राहतं घर चुकून या वाटेला लागणं. तिथे हप्ते बांधून देणं हाच मार्ग. जप्ती नव्हे.

मालकी न घेताही एक रस्ता आहे, न्यायालयाने व्यवस्थापक नेमण्याचा. बाल्टिमोरमध्ये मालकाने दुरुस्ती केली नाही तर नेमलेली संस्था घर लिलावात काढते. बोली लावणाऱ्याने पैसा आणि दुरुस्तीचा अनुभव आधी सिद्ध करायचा असतो. पेनसिल्व्हेनियाच्या २००८ च्या १३५ क्रमांकाच्या कायद्यानुसार तर शेजारी किंवा ना-नफा संस्थाही अर्ज करू शकते. घर किमान १२ महिने वापरात नसलं पाहिजे, गेल्या ६० दिवसांत विक्रीला काढलेलं नसलं पाहिजे, आणि मालकाने गेल्या सहा महिन्यांत घेतलेलं नसलं पाहिजे. सुनावणीत मालक हजर झाला आणि दुरुस्तीचा आराखडा दिला, तर त्याला संधी मिळते. कित्येकदा अर्ज दाखल झाल्याचं कळताच मालक उगवतो, तेही यशच धरावं.

---

चुनखडी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पाडायचं की ठेवायचं हे छपरावरून ठरवा. छप्पर धड असेल तर घर बंद करून बरीच वर्षं टिकवता येतं. पाणी आत शिरायला लागलं की आधी तुळयांची टोकं कुजतात, मग मजला खचतो, मग भिंत बाहेर झुकते. म्हणून मर्यादित पैशात पहिलं काम खिडक्यांचं नाही, छपराचं: गळती बंद, पन्हळ मोकळी.

बंद करण्याची पद्धत. चौकटीत खिळे ठोकून प्लायवूड बसवू नये. पहारीने एका मिनिटात निघतं आणि चौकटही फुटते. किमान १२ मिमी जाडीचा तुकडा बाहेरून, आतून उघडीच्या आडव्या दोन लाकडी पट्ट्या, आणि दोन्ही आरपार जोडणारे बोल्ट. बोल्टचं गोल, गुळगुळीत डोकं बाहेर, नट आत. वरच्या मजल्यावर जाळी लावलेली हवेची भोकं ठेवा. पूर्ण हवाबंद घर आतून बुरशीने कुजतं. एक दार पोलादी, कुलूपवालं, पाहणीसाठी. रस्त्याकडच्या बाजूला पारदर्शक पॉलिकार्बोनेट महाग पडतं, पण घर बंद असल्याची जाहिरात होत नाही आणि बाहेरून आत दिसतं. पाण्याच्या नळ्या रिकाम्या करणं आणि गॅस मुख्य वाहिनीजवळ तोडणं हे त्याच दिवशी.

अग्निशमन दलासाठी खूण लावणं विसरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत समोर लाल चौकोनी फलक असतो. त्यावर एक तिरकी रेघ म्हणजे आत धोका, जपून जा. फुली म्हणजे जीव वाचवायचा नसेल तर आत शिरायचंच नाही, आग बाहेरून विझवायची. १९९९ मध्ये वूस्टर इथल्या ओसाड शीतगृहाच्या आगीत सहा जवान गेले. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या एका रिकाम्या घरात तिघे गेले. पडीक घर ही फक्त दिसण्याची अडचण नाही.

आता पाडकाम. आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी: छपराचे पत्रे, जुन्या नळ्यांवरची वेष्टनं, फरशीखालचा डिंक. ते वेगळं काढल्याशिवाय यंत्र लावायचं नाही, आणि पाडताना सतत पाणी मारायचं, कारण जुन्या रंगातलं शिसं धुळीतून शेजारच्या अंगणात बसतं. सांडपाण्याची वाहिनी हद्दीपाशी बंद करून त्याचा फोटो ठेवा. तळघर असेल तर भिंती काढा, आणि तळाचा काँक्रीटचा थर निदान फोडा तरी. तो अखंड ठेवून वर माती टाकली की खाली हौद तयार होतो आणि दोन पावसाळ्यांत जमीन खचते. भराव थराथराने दाबून, आणि माती कुठून आली याची पावती हवीच. डेट्रॉइटच्या पाडकामाच्या चौकश्यांमध्ये भरावाच्या मातीचा उगम हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. पावती नसेल तर भरलेला खड्डा उकरून तपासावा लागतो.

एकाला एक चिकटलेली घरं असतील तर खर्चाचा अंदाज वेगळाच धरा. मोजणीदारांनी शेजारची घरं फोटोत घ्यायला सांगितली ती यासाठीच. सामायिक भिंत आतली म्हणून बांधलेली असते: मऊ वीट, पावसाची सवय नाही. मधलं घर काढलं की ती उघडी पडते. तुळया बसवलेल्या खोबणी विटांनी भराव्या लागतात, भिंतीला गिलावा, माथ्यावर पाणी उतरवणारी पट्टी, कधी कधी तिरके टेकू. हा खर्च निविदेत नसला की ठेकेदार भिंत तशीच सोडतो आणि वर्षभरात शेजारच्या चांगल्या घरात ओल येते. मग एका पडक्या घराची दोन होतात.

---

आडवाट

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. चौथा प्रश्न राहिला: कर. आणि पाडल्यानंतर त्या मोकळ्या जागेचं पुढे काय?

---

खातेवही

कराबद्दल सांगतो. आधी हे बघा की सध्याचा कर मालकाला नेमकं काय करायला सांगतो आहे. जपानमध्ये निवासी घराखालच्या जमिनीवर २०० चौ.मी.पर्यंत सवलत आहे, स्थावर मालमत्ता कर सहाव्या हिश्श्यावर आकारतात. घर पाडलं की सवलत जाते. म्हणजे पडकं घर तसंच उभं ठेवणं मालकाच्या फायद्याचं. २०१५ मध्ये पूर्णपणे लागू झालेल्या कायद्याने ती कळ फिरवली. धोकादायक ठरवलेल्या घराला आधी सल्ला, मग शिफारस, मग आदेश, आणि शेवटी सरकार स्वतः पाडून खर्च वसूल करतं. शिफारशीच्या पायरीलाच करसवलत काढता येते. आदेश मोडल्यास ५ लाख येनपर्यंत दंड. मालक सापडतच नसेल तर संक्षिप्त पद्धतीने पाडता येतं, पण मग खर्च बहुतेक सरकारच्याच गळ्यात. डिसेंबर २०२३ पासून ‘निगा न राखलेलं’ असा त्याआधीचा टप्पाही जोडला, म्हणजे घर धोकादायक होण्याआधीच सवलत जाऊ शकते. २०२३ च्या पाहणीत जपानमध्ये रिकामी घरं सुमारे ९० लाख, एकूण घरांच्या १३.८ टक्के निघाली.

माझ्या मते त्यांचं सर्वांत दूरदर्शी पाऊल मात्र दुसरंच आहे. एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची केली. वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नोंद, नाहीतर १ लाख येनपर्यंत दंड. टाचणखत म्हणतात ती गाठ मुळात पडूच नये म्हणून केलेला हा कायदा आहे.

आयर्लंडमध्ये १९९० च्या कायद्यानुसार पडीक जागांची जाहीर नोंदवही असते आणि २०२० पासून बाजारभावाच्या ७ टक्के वार्षिक आकार लागतो, आधी तो ३ टक्के होता. थकला तर महिना सव्वा टक्का व्याज, आणि रक्कम जमिनीवर बोजा म्हणून चढते. कागदावर जबरदस्त, पण नोंद करणं, मूल्यांकन करणं, हरकती ऐकणं हे सगळं स्थानिक परिषदेवर असल्याने बऱ्याच ठिकाणी आकारणीच होत नाही आणि झाली तरी वसुली तोकडी. त्याच कायद्यातल्या सक्तीच्या संपादनाचा वापर लिमरिकने नेटाने केला: जागेवर आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकतीला मुदत, मग मालकी परिषदेकडे, भरपाईतून थकबाकी वजा. संपादनाची नोटीस लागली की कित्येक मालक स्वतःच काम सुरू करतात. जोडीला गाजरही आहे, दुरुस्तीसाठी ५० हजार युरोपर्यंत आणि पडीक घराला ७० हजारांपर्यंत अनुदान.

इंग्लंडमध्ये रिकाम्या घरावर वर्षभरानंतर दुप्पट, पाच वर्षांनंतर तिप्पट आणि दहा वर्षांनंतर चौपट स्थानिक कर लावण्याची परिषदांना मुभा आहे. तिथला व्यवस्थापन ताब्यात घेण्याचा आदेश (२००४ चा कायदा) ऐकायला छान, वापरात क्वचित. अंतिम आदेश जास्तीत जास्त सात वर्षांचा. दुरुस्तीचा खर्च सात वर्षांच्या भाड्यातून निघत नसेल तर परिषद त्यात हात घालत नाही, आणि खऱ्या पडक्या घराचा तो निघत नाहीच.

थोडक्यात, ज्याच्याकडे पैसा आहे आणि भाव चढायची वाट बघत बसला आहे, तो कराने हलतो. ज्याच्याकडे पैसाच नाही किंवा जो हयातच नाही, तो हलत नाही.

---

उंबरठा

सगळ्यांचे मुद्दे पटले, पण एक जोरकसपणे सांगायला हवं: ‘पडीक’ची व्याख्या मोजता येण्याजोगी ठेवा. अमेरिकेत १९५४ च्या बर्मन वि. पार्कर खटल्यात अख्खा विभाग बकाल ठरवून घेता येतो असा निकाल झाला. दावा लावणाऱ्याचं दुकान सुस्थितीत होतं, तरी गेलं. वॉशिंग्टनच्या त्या नैर्ऋत्य भागातून २० हजारांहून जास्त माणसं उठवली गेली, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. २००५ च्या केलो निकालानंतर (खाजगी विकासासाठीही घरं सक्तीने घेता येतात असा तो निकाल) बऱ्याच राज्यांनी व्याख्या आवळल्या त्या यामुळेच. ‘परिसराच्या विकासाला बाधक’ असली शब्दरचना कायद्यात दिसली की सावध व्हा. ‘१२ महिने वापरात नाही, छप्पर उघडं, दोन वर्षं कर थकीत’ असं लिहिलेलं हवं, आणि ते एकेका मालमत्तेला स्वतंत्रपणे लावलेलं.

मोकळ्या जागेबद्दल: पाडून सोडून दिलेला भूखंड महिन्याभरात कचराकुंडी होतो. फिलाडेल्फियाची कृती साधी आहे. कचरा काढा, जमीन सारखी करा, गवत पेरा, दोन-चार झाडं लावा, कडेने गुडघ्याएवढं लाकडी कुंपण. कुंपणाला माणूस जाईल एवढी फट, पण ट्रक शिरणार नाही. नंतर हंगामभर ठरलेल्या दिवशी गवत कापणं, आणि याचा खर्च पहिल्या दिवशीच मंजूर करून घेणं. तिथल्या ५४१ भूखंडांपैकी कुठले साफ करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या प्रयोगात, गरीब वस्त्यांमध्ये अशा साफ केलेल्या जागांभोवती बंदुकीच्या गुन्ह्यांत २९ टक्के घट दिसली (२०१८).

---

टाचणखत

जागा पुढे देण्याबद्दल थोडी पुरवणी. घरालगतचा मोकळा भूखंड शेजाऱ्यालाच द्यावा, डेट्रॉइटची लँड बँक तो १०० डॉलरना देते. एक अट अशी की शेजाऱ्याच्या स्वतःच्या घराचा कर थकलेला नसावा.

इमारत विकताना सर्वांत जास्त बोली हा निकष लावला की ती सट्टेवाल्याकडे जाते आणि तीन वर्षांनी पुन्हा कर थकून तुमच्याच दारात येते. खरेदीदाराच्या नावावरच्या इतर मालमत्तांची थकबाकी आणि नोटिसा आधी तपासा, कंपनी असेल तर तिच्यामागच्या माणसांच्याही. मग मुदतीची अट: सहा महिन्यांत दुरुस्ती करून वापरात आणा, नाहीतर मालकी परत. ही अट खरेदीखतातच नोंदवायची, वेगळ्या करारात नाही. काम रखडलं पण चालू असेल, तर पाहणी करून मुदतवाढ द्या. फोटो मागवले की चालू आहे की नाही ते कळतं.

आणि अट पूर्ण झाल्यावर ती उठवल्याचा दस्त सरकारने स्वतःहून नोंदवला पाहिजे. तो राहून गेला तर घर दुरुस्त होऊन दिवा लागलेला असतो, पण निबंधकाच्या दप्तरी परतीची अट जिवंत असते, आणि पुढच्या खरेदीदाराला बँक कर्ज देत नाही.